मोतीबिंदूचा रुग्ण पुढे पाठवताना

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून नाशिकला येणाऱ्या सकाळच्या एसटीत हातात कापडी पिशवी धरून बसलेले एखादे म्हातारे माणूस हमखास दिसते. पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि घडी घातलेली चिठ्ठी असते. चिठ्ठीवर अनेकदा एकच ओळ असते: ‘मोतीबिंदू, पुढील उपचारासाठी सिव्हिल हॉस्पिटल, नाशिक.’ ओळ चुकीची नाही, पण तेवढीच असली तर अपुरी आहे. त्या माणसाला कोणत्या डोळ्याने किती दिसते, साखर आहे का, लघवीची कोणती गोळी चालू आहे, उताणे झोपता येते का, घरी परत कोण नेणार, यातले काहीच तिच्यात नाही. मग सिव्हिलमध्ये पहिल्यापासून विचारपूस होते. एखादा कागद नसतो, एखाद्या तपासणीत अडते, आणि आजोबा ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परत जातात. पुढचा आठवडा बऱ्याचदा उजाडतच नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरावाच्या हाताला पंधरा-वीस मिनिटे पुरते. तिच्यापर्यंत पोहोचायला मात्र माणसाला वर्ष-दोन वर्षे लागतात. हा सगळा वेळ ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जातो आणि त्यातला बराचसा वाचवता येतो. त्यासाठी रुग्णाला ‘मोठ्या दवाखान्यात जा’ एवढे सांगून भागत नाही. त्याला नीट पाठवावे लागते.

प्रश्न केवढा आहे हे राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणातून दिसते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या या पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे आपल्याकडच्या दर तीन अंध वृद्धांपैकी दोघांची दृष्टी परत येण्याजोगी आहे. कामही पुष्कळ झाले आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. २००७ च्या सुमारास लोकसंख्येत १ टक्का असलेले अंधत्वाचे प्रमाण या सर्वेक्षणापर्यंत ०.३६ टक्क्यावर आले. २०२२-२३ या एका वर्षात देशभरात मोतीबिंदूच्या ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तरीही जे उरले आहेत, ते नेमके रस्त्यापासून, पैशापासून आणि सोबतीपासून लांब असलेले लोक आहेत. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला शहरातला नेत्रतज्ज्ञ तासाभरावर आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरून तोच डॉक्टर ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर आहे आणि त्यातही पहिला टप्पा पायीच असतो.

डोळ्यात होते काय, ते आधी पाहू. बाहुलीच्या मागे पारदर्शक भिंग असते. ते पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. वय वाढते तशी ही प्रथिने एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होत जाते. मधुमेह, वर्षानुवर्षे घेतलेली स्टिरॉइडची औषधे, तंबाखूचे धूम्रपान, उन्हातले अतिनील किरण आणि डोळ्याला लागलेला मार यांनी हे लवकर घडते. यात दुखत काहीच नाही, डोळा लालही होत नाही. म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही आणि रुग्णही ‘वयच झालं’ म्हणून सोडून देतो.

काही मोतीबिंदू तर सुरुवातीला चक्क आनंद देतात. भिंगाचा मधला गाभा घट्ट होऊ लागला की डोळ्याला उणे नंबर येतो आणि लांबचे अंधुक झाले तरी जवळचे बिनचष्म्याचे दिसू लागते. चाळिशीपासून चष्म्याशिवाय अक्षर न लागणारे आजोबा एकाएकी पेपर वाचू लागतात, आजी सुईत दोरा ओवते, आणि घरात कौतुक होते की नजर परत आली. ही नजर परत आलेली नसते, मोतीबिंदूची ती सुरुवात असते. साठीपुढच्या माणसाचा जवळचा चष्मा अचानक सुटला, तर डोळे तपासून घेण्याची वेळ आली असे समजावे. भिंगाच्या मागच्या बाजूला येणारा मोतीबिंदू उलट वागतो. स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि मधुमेहींत तो जास्त दिसतो. घरातल्या मंद उजेडात तसे बरे दिसते, पण उन्हात आले की डोळे दिपतात, समोरून गाडीचे दिवे आले की काहीच दिसेनासे होते. अशा माणसाची बंद खोलीत तक्ता लावून तपासणी केली तर नजर बरीच चांगली भरते. म्हणून ‘तक्त्यावर दिसतंय की’ एवढ्यावर त्याला परत पाठवणे अन्यायाचे होते.

आता जुन्या समजुतीकडे येऊ. ‘अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू’ हे वाक्य नाशिकच्या कुठल्याही गावात ऐकू येते, आणि ते लोकांच्या मनातून उगवलेले नाही. ते एकेकाळी डॉक्टरांनीच सांगितलेले आहे. तेव्हा ते बरोबरही होते.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गात किंवा मंडपात नेत्रशिबिरे भरत. तिथे डोळ्यातले भिंग आवरणासकट पूर्ण काढून टाकत आणि त्याच्या जागी काहीच बसवत नसत. रुग्णाला मग अधिक दहाच्या आसपास नंबराचा जाड भिंगाचा चष्मा मिळे. त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पावपट मोठी दिसते. एक डोळा असा आणि दुसरा नैसर्गिक, तर मेंदूला दोन वेगळ्या आकाराची चित्रे मिळतात, ती जुळत नाहीत आणि माणसाला एकाचे दोन दिसू लागतात. पायरी जिथे दिसते तिथे ती नसते. म्हणून दुसऱ्या डोळ्याने काम भागते आहे तोवर थांबणे शहाणपणाचे होते. शिवाय मोठी चीर, टाके, आठवडाभर पडून राहणे आणि जंतुसंसर्गाची भीती होतीच. एवढा धोका पत्करायचा तर नजर पूर्ण गेल्यावरच, हा हिशेब त्या काळाचा होता.

हिशेब बदलला तो कृत्रिम भिंगाने. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात असे भिंग बसवले. युद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि डोळ्याने ते खळखळ न करता सामावून घेतले होते. हे पाहून त्यांनी त्याच जातीचे प्लॅस्टिक निवडले. भारतात सर्वसामान्यांपर्यंत हे भिंग यायला चाळीसेक वर्षे गेली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब ही संस्था उभारून १९९२ मध्ये भिंगे इथेच बनवायला घेतली आणि किंमत एकदम खाली आली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ दरम्यान सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रणाचा प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यात होता. सरकारी रुग्णालयांत भिंग बसवणारी शस्त्रक्रिया रुळली ती याच काळात.

आजची शस्त्रक्रिया नाशिककरांना समजावून सांगायला द्राक्षाचा मणी पुरेसा आहे. सालीला वरून एक गोल भोक पाडायचे, आतला गर काढून घ्यायचा, साल तशीच ठेवायची आणि तिच्यात नवे भिंग बसवायचे. गर काढायच्या दोन पद्धती आहेत. फेकोमध्ये अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रातून ध्वनिलहरींनी गराचा भुगा करून तो ओढून घेतात. चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरांनी ही पद्धत १९६७ मध्ये आणली. दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरची तिरपी वाट करून गाभा अख्खा बाहेर काढतात. ती वाट आपोआप मिटते, टाका लागत नाही. फेकोला बाजारात सर्रास ‘लेझरचं ऑपरेशन’ म्हणतात. तिच्यात लेझर नसतो. अतिशय पिकलेला मोतीबिंदू दगडासारखा कडक होतो. तो फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या पिकण्याची वाट पाहिली, तेच पिकणे आता शस्त्रक्रिया अवघड करते. फारच जुना झाला तर तो फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब वाढवतो, डोळा लाल होतो, असह्य दुखतो, उलट्या होतात. त्या अवस्थेत गेलेली नजर शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण परत येईल याची खात्री देता येत नाही.

सरकारी किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात ‘स्वस्तातली’ पद्धत वापरतात म्हणून कचरणाऱ्यांनी पुण्यात झालेला एक अभ्यास लक्षात ठेवावा. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर या दोन पद्धतींची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा आठवड्यांनी, चष्मा लावून चांगली नजर मिळवणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे ९८ टक्क्यांच्या वर होते. बिनचष्म्याच्या नजरेत फेको थोडी सरस ठरली, एवढाच फरक. हाताने करायच्या त्या पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही. गावाकडच्या कडक मोतीबिंदूला ती उत्तम लागू पडते.

तेव्हा पाठवायचे कधी? ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ तक्त्यावरच्या आकड्यावरून शस्त्रक्रिया अडवू नये. रुग्णाच्या रोजच्या जगण्यात अडचण येते का, शस्त्रक्रियेचे फायदे-तोटे त्याला समजले का आणि ती त्याला हवी आहे का, हे विचारात घ्यावे. आपल्याकडे हाच निकष मातीत उतरवून वापरता येतो. लासलगावकडे कांद्याची प्रतवारी करणाऱ्या बाईला सडका आणि चांगला कांदा वेगळा ओळखू येईनासा झाला की तिचा रोज बुडतो. द्राक्षाच्या विरळणीला जाणाऱ्या माणसाची कात्री चुकू लागते. तांदळातला खडा दिसत नाही, गोळ्यांची पाकिटे ओळखू येत नाहीत, एसटीची पाटी जवळ आल्याशिवाय लागत नाही, संध्याकाळी ओटा उतरताना पाय चाचपडतो. यातले काही असेल आणि चष्म्याचा नंबर बदलूनही भागत नसेल, तर तज्ज्ञाकडे पाठवायला तेवढे कारण पुरते. मोतीबिंदू विरघळवणारे खात्रीचे थेंब आजवर निघालेले नाहीत. डोळ्यात मध, पाल्याचा रस घालण्याने तर बुबुळावर जखम होऊन असलेली नजरही जाऊ शकते.

पाठवणाऱ्याच्या हातात साधने फारशी नसतात, आणि लागतही नाहीत. एक तक्ता, एक बॅटरी आणि बारीक भोक पाडलेला काळा गोल एवढ्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर किंवा नेत्र चिकित्सा अधिकारी निम्मे काम उरकू शकतात. सहा मीटरवरून एकेक डोळा झाकून नजर मोजायची. वाचता न येणाऱ्याला इंग्रजी ‘ई’चे तोंड कोणत्या दिशेला आहे ते हाताने दाखवायला सांगायचे. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसावे ते अक्षर या डोळ्याला सहा मीटरवरून दिसते. मग त्या बारीक भोकातून पुन्हा बघायला लावायचे. नजर सुधारली तर दोष बराचसा चष्म्याचा आहे, आणि नाशिकच्या फेरीआधी चष्मा करून बघता येतो.

यापेक्षा महत्त्वाची तपासणी बॅटरीची आहे. झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुली पाहायची. मोतीबिंदू कितीही दाट असो, उजेड पडल्यावर बाहुली आकसतेच. झोत आल्यावर ती आकसण्याऐवजी मोठी होत असेल, तर दोष भिंगाच्या मागे, दृष्टिचेतेत किंवा पडद्यात आहे. पिकून पांढऱ्या झालेल्या डोळ्यात उजेड कोणत्या बाजूने येतो हे रुग्णाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ओळखता येते का, हेही बघायचे. ही दोन उत्तरे चिठ्ठीत असली तर शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल याचा अंदाज आधीच येतो. काचबिंदूने नजर गेलेल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढूनही अंधार तसाच राहतो, आणि मग गावभर होते की ऑपरेशन बिघडले. त्या एका गैरसमजाने पुढची दहा माणसे घरी बसतात.

नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून पाहणे ही आणखी एक बिनखर्चाची तपासणी आहे. दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी आले तर अश्रूच्या पिशवीत जंतू साठलेले आहेत. तसाच डोळा उघडला तर ते जंतू आत जाण्याचा धोका असतो. आधी त्या पिशवीवर उपचार, मग मोतीबिंदू. हे गावातच कळले तर नाशिकची एक फेरी वाचते.

औषधांची यादी ही चिठ्ठीतली सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. साठीपुढच्या अनेक पुरुषांना प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास होतो आणि टॅम्सुलोसिन नावाची गोळी चालू असते. डोळ्याच्या डॉक्टरला लघवीच्या गोळीबद्दल कशाला सांगायचे, असे रुग्णाला वाटते. पण ही गोळी बाहुलीभोवतीचा पडदा ढिला करते. शस्त्रक्रिया चालू असताना तो फडफडतो आणि बाहुली मध्येच लहान होते. अमेरिकेतल्या डॉ. चँग आणि डॉ. कॅम्बेल यांनी २००५ मध्ये हे प्रथम दाखवून दिले. गोळी आयत्या वेळी थांबवूनही धोका पूर्ण जात नाही, पण सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारीत राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे उलट आहे. त्या कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून बंद करू नयेत, मोतीबिंदूसाठी बहुतेकदा त्या थांबवाव्या लागत नाहीत. निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. साखर आणि रक्तदाबाची ताजी नोंद, कशाची ॲलर्जी, पूर्वी डोळ्याला लागलेला मार किंवा झालेली शस्त्रक्रिया, हेही दोन ओळींत मावते.

मग येतो माणूस. रुग्ण वीस मिनिटे उताणा, न हलता पडून राहू शकतो का? दम्याची ढास, पाठीचा बाक, मानेचा कंप, हृदयाच्या दुखण्याने झोपल्यावर लागणारी धाप, यांपैकी काही असेल तर ते आधी कळवायला हवे. ऐकू कमी येते का? जिल्ह्याच्या पश्चिम भागात कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. तिथल्या एखाद्या आजीला शहरी मराठीतली सूचना पटकन उमगत नाही. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा फक्त डोळा बधिर करून होते, माणूस जागा असतो आणि ‘खाली बघा, हलू नका’ हे त्याला कळावे लागते. विसराळूपणा वाढलेल्या, घाबरणाऱ्या रुग्णाला भूल द्यावी लागेल का, हे आदल्या दिवशी ठरवायचे असते, टेबलावर नव्हे.

नाशिकला पोहोचल्यावर काय होते हेही घरच्यांना सांगून ठेवावे. डोळ्याचा दाब मोजतात, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासतात. मोतीबिंदू इतका पांढरा असेल की आतले दिसतच नाही, तर सोनोग्राफी करतात. मधुमेहीच्या पडद्यावर रक्तस्राव किंवा सूज आहे का ते बघितले जाते, कारण त्यावर आधी इलाज लागू शकतो. शेवटी भिंगाचा नंबर काढण्यासाठी बुबुळाचा बाक आणि डोळ्याची लांबी मोजतात. लांबीत एक मिलिमीटर चुकले तर चष्म्यात सुमारे अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. एवढी ही मोजणी नाजूक आहे. थेंबांमुळे त्या दिवशी अंधुक दिसते, म्हणून एकट्याने येऊ नये. दुसरीकडे, सरसकट तपासण्यांची मोठी यादी हातात देऊन म्हाताऱ्याला लॅबोरेटरीच्या फेऱ्या घालायला लावण्यात अर्थ नाही. अमेरिका व कॅनडात १९,५५७ शस्त्रक्रियांवर झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरसकट रक्त तपासण्या आणि ईसीजीमुळे गुंतागुंत कमी होत नसल्याचे दिसले. रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे लागेल ती तपासणी करावी.

शिबिरांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गावात शिबिर म्हणजे निवड, तपासणी आणि नोंदणी. शस्त्रक्रिया नीट निर्जंतुक थिएटर असलेल्या रुग्णालयातच व्हावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुझफ्फरपूरमध्ये एका रुग्णालयात घाऊक शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन अनेकांचे डोळे काढावे लागले. दिवसाचा आकडा फुगवण्याच्या नादाची किंमत रुग्णाने दिली. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी जे. जे. रुग्णालयातून लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि आनंदवनासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे शिबिरे घेतली. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. संख्या आणि गुणवत्ता दोन्ही साधता येतात, मात्र त्यासाठी शिस्त आणि पाठपुरावा लागतो. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेने म्हणूनच नुसत्या शस्त्रक्रिया मोजण्याऐवजी, शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खरोखर चांगले दिसते अशांचे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्के बिंदूंनी वाढवण्याचे ध्येय ठेवले. मोजमाप असेच असायला हवे.

इतके सगळे जुळूनही गाडी अडते ती सोबतीवर. पेठ-सुरगाण्याची कुटुंबे पावसाळा सरला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. गावात म्हातारी आणि नातवंडे उरतात. ‘थंडीत ऑपरेशन चांगलं’ असे म्हणत ज्या महिन्यांची वाट पाहिली, त्याच महिन्यांत घरात न्यायला कोणी नसते. खरे तर हल्लीच्या शस्त्रक्रियेला ऋतूचे बंधन नाही. पावसाळ्यात लावणी आटोपली की मुलगा घरी असतो, तीच वेळ सोयीची. प्रवासखर्चाचे ओझेही थोडे हलके झाले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. तरी सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, त्याचे काय? आशाताईंनी एका पाड्यावरच्या चार-पाच जणांची तारीख एकत्र घेतली आणि दोन धडधाकट माणसे बरोबर दिली, तर हा प्रश्न सुटतो. घरातल्या बायकांची पाळी नेहमीच शेवटी लागते. आजोबांचा डोळा होतो, आजीचा ‘पुढच्या वर्षी’ राहतो. पाठवणाऱ्याने आजीचे नाव यादीत वर घालावे.

‘आता या वयात कशाला?’ हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर अभ्यास झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया साधारण महिन्याभरात केली, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे वर्षभराच्या प्रतीक्षायादीत ठेवले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. हाड मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात ३ टक्के, तर थांबलेल्यांत ८ टक्के होते. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर पुढे काय होते, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे.

चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. रंग करडे-पिवळे दिसू लागले, तरी शस्त्रक्रियेच्या भीतीने त्यांनी अकरा वर्षे काढली. अखेर त्यांचे मित्र जॉर्ज क्लेमान्सो यांनी त्यांना राजी केले. क्लेमान्सो हे फ्रान्सचे माजी पंतप्रधान आणि शिक्षणाने डॉक्टर होते. १९२३ मध्ये, ब्याऐंशी वर्षांच्या मोने यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळचा जाड चष्मा आणि बदललेले रंग यांनी ते वैतागले, आणि डाव्या डोळ्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या नकाराला कारण होते. आज ते उरलेले नाही.

शस्त्रक्रियेनंतरही पाठवणाऱ्याचे काम संपत नाही. चार ते सहा आठवडे थेंब घालायचे असतात, आणि ते कोण घालणार हे आधी ठरलेले असावे. डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरापासून आणि अंघोळीच्या पाण्यापासून जपायचा. दुखणे, लाली किंवा नजर कमी होणे यांपैकी काहीही वाढू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, आठवडी बाजाराची वाट बघायची नाही. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर झाले तर मोतीबिंदू परतला असे समजू नये. भिंगामागची पातळ साल धूसर झालेली असते आणि ती मात्र खऱ्या लेझरने काही मिनिटांत मोकळी करता येते.

एक डोळा झाला की घरात सुटकेचा निःश्वास पडतो आणि दुसरा डोळा राहून जातो. एका डोळ्यावर खोलीचा आणि अंतराचा अंदाज नीट येत नाही. पायरी, विहिरीचा काठ, रस्ता ओलांडताना येणारी मोटारसायकल, या सगळ्यांना दोन डोळे लागतात. म्हणून ज्या दिवशी आई-वडिलांना चष्म्याचा नंबर काढायला न्याल, त्याच दिवशी दुसऱ्या डोळ्याची तारीख विचारा, ती कार्डावर लिहून घ्या आणि गावातल्या आशाताईंना दाखवा.